प्रारूप विकास आराखड्यावर हरकत: नकाशा वाचण्यापासून सुनावणीपर्यंत, आणि त्यानंतरही

शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की पहिल्या आठवड्यात नुसती कुजबुज असते आणि शेवटच्या आठवड्यात आवक खिडकीवर रांग लागते. मधले दिवस नकाशा नीट पाहण्याचे असतात आणि नेमके तेच वाया जातात. बागेचे आरक्षण आपल्या गटावर आहे की शेजारच्या, रस्ता अठरा मीटरचा की चोवीसचा, हे कळण्याआधीच कोणीतरी छापून आणलेल्या अर्जावर सह्या होतात. असे अर्ज फेटाळणे हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीला सर्वांत सोपे जाते, कारण त्यात तपासण्यासारखे काही नसते. हरकत टिकते ती नकाशा, माप आणि पर्याय या तिन्हींवर.

पुढचा मजकूर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार होणाऱ्या विकास योजनेबद्दल (आराखड्याचे कायद्यातले नाव) आहे. महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत आणि विशेष नियोजन प्राधिकरणे या सगळ्यांना तो लागू पडतो; पुढे 'प्राधिकरण' म्हणजे यांपैकी जे तुमच्याकडे असेल ते. गोव्यात १९७४ चा वेगळा कायदा आहे. तिथले कलम आणि मुदती वेगळ्या आहेत.

मुदत मोजायची ती राजपत्रापासून

कलम २६ नुसार प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्याची सूचना शासकीय राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत येते. हरकती व सूचना देण्यासाठी साधारणपणे ३० दिवस मिळतात. दहा लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकेत ही मुदत ६० दिवसांची असते. दिवस मोजायचे ते राजपत्रातील सूचनेच्या तारखेपासून. वर्तमानपत्रातली जाहिरात दोन-चार दिवसांनी तुमच्या नजरेस पडली, तरी ते दिवस परत मिळत नाहीत.

"आम्हाला नोटीसच आली नाही" ही तक्रार प्रत्येक सुनावणीत ऐकू येते आणि प्रत्येक वेळी निरुपयोगी ठरते. या टप्प्यावर प्रत्येक जमीनमालकाला वैयक्तिक नोटीस देण्याचे बंधन कायद्यात नाही; जाहीर सूचना हीच नोटीस. म्हणून योजना तयार करण्याचा इरादा जाहीर झाला (कलम २३), तेव्हापासूनच महापालिकेच्या संकेतस्थळावर आणि नगररचना विभागाच्या फलकावर लक्ष ठेवायचे. इराद्यापासून प्रारूपापर्यंत बराच काळ जातो आणि माणूस विसरतो.

नकाशात आपली जमीन शोधणे

आधी कागद जुळवा: चालू सातबारा किंवा मिळकत पत्रिका, गटाचा किंवा सर्व्हे नंबरचा नकाशा, आणि मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा. सातबाऱ्यावरचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, पण १ गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. बोलताना दोन्ही एकच धरले तरी चालते. अर्जात मात्र चौरस मीटरच लिहा.

आराखड्याचे नकाशे पत्रकांमध्ये विभागलेले असतात. आपले पत्रक कोणते, ते सूची नकाशावरून शोधा. संकेतस्थळावरची पीडीएफ घरी छापताना एक चूक हमखास होते: छपाईच्या पर्यायात 'फिट टू पेज' निवडलेले राहते, नकाशा आक्रसतो आणि पट्टीने घेतलेली सगळी मापे चुकतात. छापल्यावर कोपऱ्यातली प्रमाणपट्टी मोजून पाहा. नकाशा १:४००० प्रमाणाचा असेल, तर २०० मीटरची पट्टी कागदावर बरोबर ५ सेंटिमीटर भरली पाहिजे.

याच प्रमाणात कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जागेवर ४ मीटर. नकाशावरची रेघच अर्धा मिलिमीटर जाडीची असेल, तर ती रेघ जमिनीवर २ मीटर व्यापते. त्यामुळे "रस्ता माझ्या कुंपणाच्या आत फूटभर आला आहे" हा वाद या नकाशावर सोडवता येत नाही. तो पुढे जागेवरच्या आखणीच्या वेळी सुटतो. इथे भांडायचे ते दहा-वीस मीटरच्या फरकासाठी, चुकीच्या बाजूसाठी, चुकीच्या गटासाठी.

उपग्रह चित्रावर आराखडा चिकटवून समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या फाइल पाहायला बऱ्या असतात, पण त्यांच्या भरवशावर अर्ज लिहू नका. नगररचना विभागात शुल्क भरून झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. भाग नकाशात तुमच्या गटाभोवतीचा प्रस्ताव प्राधिकरणाच्या सही-शिक्क्यानिशी मिळतो. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत हे दाखले वेळेत मिळत नाहीत, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात करा.

तीन नकाशे शेजारी ठेवा

प्रस्तावित जमीन वापर नकाशा एकटा पाहिला तर चूक दिसत नाही. त्याच्या शेजारी जुन्या मंजूर विकास योजनेचा नकाशा आणि विद्यमान जमीन वापर नकाशा ठेवावा लागतो. निम्म्या हरकतींचे मूळ या विद्यमान वापराच्या नकाशात सापडते. सर्वेक्षणाच्या वेळी वापरात असलेली इमारत 'मोकळी जागा' म्हणून नोंदली गेली, की प्रस्ताव आखणाऱ्याला तिथे शाळा, दवाखाना किंवा वाहनतळ टाकायला मोकळी जागा दिसणारच. "आरक्षण काढा" म्हणण्याआधी "विद्यमान वापराची नोंद चुकली आहे" हे सिद्ध करता आले, तर पुढचे काम पुष्कळ सोपे होते.

मग आपल्या गटापुरत्या चार गोष्टी तपासा. झोन कोणता: बहुतेक नकाशांत निवासी पिवळा, वाणिज्य निळा, औद्योगिक जांभळा आणि शेती किंवा ना-विकास हिरवा असतो, पण नकाशावरची रंगांची सूची वाचूनच खात्री करा. आरक्षण आहे का आणि त्याचा क्रमांक काय. रस्ता जातो का, किती रुंदीचा, आणि तो नवा आहे की असलेल्याचे रुंदीकरण. शेवटी पूररेषा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा जलसंपदा विभागाकडून आलेल्या असतात. नियोजन समिती त्या स्वतःच्या अधिकारात हलवत नाही. पूररेषा चुकीची वाटत असेल, तर जागेच्या पातळ्या मोजून घेऊन जलसंपदा विभागाकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याची प्रत हरकतीला जोडावी लागते.

नकाशासोबतचा अहवाल लोक उघडतच नाहीत. त्यात प्रत्येक आरक्षणाचा क्रमांक, प्रयोजन, गट नंबर आणि क्षेत्र यांचा तक्ता असतो. नकाशात एक गट आणि तक्त्यात दुसरा, नकाशात खेळाचे मैदान आणि तक्त्यात उद्यान, अशा विसंगती तिथे सापडतात. आणखी महत्त्वाचे म्हणजे कोणत्या सुविधेला किती लोकसंख्येमागे किती जागा लागते, तुमच्या विभागात ती किती आहे आणि किती कमी पडते, याचा हिशेबही अहवालातच असतो. प्राधिकरणाचेच आकडे प्राधिकरणासमोर ठेवले की त्यांना "हे कुठून आणलेत?" असे विचारता येत नाही.

कोणता आधार टिकतो, कोणता नाही

सर्वांत भक्कम आधार म्हणजे आधीची परवानगी. मंजूर रेखांकन, अकृषिक आदेश, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र यांपैकी जे असेल ते तारखेसह जोडा. गुंठेवारीचे प्लॉट असतील आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाले असतील, तर नियमितीकरणाचा दाखला लावा. कागद नसलेले बांधकाम कितीही जुने असले तरी त्याचे वजन कमी पडते. अशा वस्तीने एकेकट्याने भांडण्यापेक्षा घरांची संख्या, वीजजोडण्या आणि मालमत्ता कराच्या पावत्या एकत्र देऊन रस्त्याच्या पर्यायी आखणीवर भर द्यावा.

रस्त्याच्या हरकतीत मध्यरेषेवर बोट ठेवायचे. समजा, ९ मीटरचा रस्ता १८ मीटर करायचा आहे आणि तुमच्या जमिनीची रस्त्याकडची बाजू ४० मीटर आहे. मध्यरेषा कायम ठेवून रुंदीकरण केले, तर तुमच्या बाजूचे ४.५ मीटर म्हणजे १८० चौरस मीटर जातात. सगळी वाढ तुमच्याच बाजूला दाखवली असेल, तर ३६० चौरस मीटर. दुप्पट नुकसान का, हा रास्त प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर समितीला द्यावे लागते. कधी उत्तर खरेच असते: समोर नाला असतो, रेल्वेची हद्द असते, जुने देऊळ असते. ते अर्ज लिहिण्याआधी तुम्हाला माहीत असलेले बरे. कधी मात्र सरळ चाललेला रस्ता एका मोठ्या भूखंडापाशी वळसा घेतो आणि पुढे पुन्हा सरळ होतो. तो वळसा नकाशावर लाल पेनाने दाखवा. त्यावर फार लिहावे लागत नाही.

आरक्षण काढण्यासाठी तीन मुद्दे चालतात: त्याच विभागात ती सुविधा अहवालातल्या निकषाएवढी आधीच आहे, जवळच शासकीय किंवा प्राधिकरणाची मोकळी जमीन आहे, किंवा जमिनीचा आकार, उतार, पोहोचरस्ता यामुळे ती त्या प्रयोजनाला निरुपयोगी आहे. दुसऱ्या मुद्द्यासाठी त्या जमिनीचा सातबारा काढून जोडा. "आमची एकुलती एक जमीन आहे", "वडिलोपार्जित आहे" ही दुःखे खरी आहेत, पण समितीच्या अहवालात त्यांना रकाना नाही. तेच सांगायचे असेल, तर आरक्षण अंशतः कमी करण्याची मागणी करा आणि उरणाऱ्या जागेचे मोजमाप द्या.

शेती झोनचा निवासी करून मागणे हा सर्वांत कमकुवत अर्ज. लागून निवासी झोन असेल आणि पाणी व रस्ता पोहोचलेला असेल, तरच त्यात थोडा दम असतो.

हरकत फक्त विरोधासाठी असते असा एक समज आहे. कायद्यात 'हरकती व सूचना' असे दोन्ही शब्द आहेत. ज्यांना आपल्या भागात मैदान हवे आहे, ते बहुतेक घरीच बसतात. मैदान नको असलेला मालक मात्र वकील घेऊन येतो. समितीपुढे एकच बाजू येते आणि आरक्षण उठते. मैदान, उद्यान, दवाखाना टिकवायचा असेल, तर "आरक्षण क्रमांक अमुक कायम ठेवावे" अशी सूचना लेखी द्या, विभागातली लोकसंख्या आणि उपलब्ध जागेचे अहवालातले आकडे द्या, आणि सुनावणीलाही जा. गृहनिर्माण संस्थांनी हे काम अंगावर घ्यायला हवे. ते कोणी घेत नाही, हे दुर्दैव.

नेमक्या चुका दाखवण्याचा परिणाम केवढा होऊ शकतो, हे मुंबईत दिसले. २०१५ च्या सुरुवातीला आलेल्या २०३४ पर्यंतच्या प्रारूपावर हजारो हरकती आल्या, जागोजागच्या नोंदी चुकल्याचे उघड झाले आणि एप्रिल २०१५ मध्ये शासनाने ते प्रारूप थांबवून दुरुस्त करायला लावले. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले आणि मंजूर योजना सप्टेंबर २०१८ पासून लागू झाली.

अर्ज कसा लिहायचा

एका अर्जात एकच मिळकत आणि शक्यतो एकच प्रश्न. रस्ता, झोन आणि शेजारचे आरक्षण एकाच कागदावर कोंबले, तर निर्णय एकाच मुद्द्यावर होतो आणि बाकीचे वाहून जातात. दोन पाने पुरतात. अर्ज आयुक्त किंवा मुख्याधिकारी यांच्या नावे. संदर्भात राजपत्रातील सूचनेचा क्रमांक व दिनांक. विषयात कलम २६(१) चा उल्लेख. मुख्य मजकूर साधारण असा:

"मौजे … येथील गट नंबर …, क्षेत्र १८०० चौ.मी., ही मिळकत माझ्या मालकीची आहे (सातबारा, जोडपत्र १). प्रारूप योजनेच्या पत्रक क्रमांक … मध्ये या मिळकतीलगतचा विद्यमान ९ मी. रस्ता १८ मी. रुंद प्रस्तावित केला असून संपूर्ण वाढ उत्तरेकडे, म्हणजे माझ्या मिळकतीत दर्शविली आहे (भाग नकाशा, जोडपत्र २). त्यामुळे ३६० चौ.मी. क्षेत्र बाधित होते व सन … मध्ये भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली इमारत तुटते (जोडपत्र ३). विद्यमान मध्यरेषा कायम ठेवल्यास बाधित क्षेत्र १८० चौ.मी. राहते, इमारत वाचते व रस्त्याची आखणी सरळ राहते (जोडपत्र ४). सबब मध्यरेषा कायम ठेवून दोन्ही बाजूंस समान रुंदीकरण करावे. ते शक्य नसल्यास इमारतीच्या लांबीपुरती आखणी दक्षिणेकडे सरकवावी. मला समक्ष म्हणणे मांडण्याची संधी मिळावी."

यात दोन मागण्या आहेत, पहिली हवी ती आणि दुसरी चालेल ती. एकच मागणी असली की समितीपुढे 'मान्य' किंवा 'अमान्य' एवढेच उरते. आणि शेवटचे वाक्य गाळू नका.

जोडपत्र ४ म्हणजे तुमचा पर्यायी नकाशा. तो वास्तुविशारद किंवा सर्वेक्षकाकडून भाग नकाशाच्याच प्रमाणात काढून घ्या: प्रस्तावित रेषा एका रंगात, सुचवलेली दुसऱ्या रंगात, बाधित क्षेत्र रेघांनी भरलेले. खर्च करायचाच असेल, तर तो या एका कागदावर करा. लांबलचक कायदेशीर मसुद्यापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

सहहिस्सेदार असतील तर सगळ्यांच्या सह्या, नाहीतर अधिकारपत्र. संस्था असेल तर ठरावाची प्रत. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ईमेल किंवा ऑनलाइन अर्ज चालतो का, हे सूचनेत लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर कागदच द्या. गल्लीतल्या सगळ्यांचा प्रश्न एकच असला, तरी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मापासह स्वतंत्र अर्ज द्यावा. पाचशे सह्यांचा एकच अर्ज गेला, की सुनावणीत बोलायला एकालाच बोलावले जाऊ शकते.

सुनावणीच्या टेबलावर

हरकती नियोजन समितीकडे जातात. कलम २८ नुसार तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि राज्य शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. समितीने हरकतदारांचे म्हणणे ऐकायचे आणि दोन महिन्यांत अहवाल द्यायचा, असे कायदा म्हणतो. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती आल्या होत्या. एवढे अर्ज ऐकायला बसलेली समिती एकेकाला किती मिनिटे देणार, याचा अंदाज यावरून करा. एकाच रस्त्याच्या किंवा आरक्षणाच्या हरकती गटाने ऐकल्या जातात.

म्हणून पहिल्या वाक्यात पत्रक क्रमांक, गट नंबर आणि मागणी सांगा. एथ्री आकाराचा रंगीत नकाशा समितीच्या बाजूला तोंड करून ठेवा, बाधित भाग बोटाने दाखवा, पर्याय दाखवा, थांबा. प्रश्न आला तर उत्तर द्या. मूळ कागद सोबत ठेवा. अर्जात नसलेला नवा मुद्दा सुनावणीत काढला, तर "हे तुमच्या हरकतीत नाही" असे ऐकावे लागते. उलट, अर्जातलाच मुद्दा बळकट करणारा कागद नंतर सापडला असेल, तर तो 'लेखी म्हणणे' म्हणून त्याच दिवशी आवक करून द्या. सुनावणीचे पत्र कमी दिवसांच्या मुदतीने येऊ शकते. बाहेरगावी असणाऱ्यांनी अधिकारपत्र आधीच करून ठेवावे.

"साहेबांना सांगून आरक्षण उठवून देतो" म्हणणारे याच काळात दारात येतात. समिती फक्त शिफारस करते, त्यानंतर अजून दोन पायऱ्या असतात. कोणा एकाच्या हातात हा निर्णय नसतो.

सुनावणी झाली म्हणून फाइल बंद करू नका

इथे बहुतेकांचे लक्ष सुटते. समितीच्या अहवालावर प्राधिकरण निर्णय घेते. लोकनियुक्त मंडळ नसेल तर प्रशासक. मग बदलांसह योजना कलम २८(४) खाली प्रसिद्ध होते आणि कलम ३० नुसार शासनाकडे मंजुरीला जाते. बदलांची यादी ओळीओळीने वाचा. एखाद्याचे आरक्षण उठले तर ते कुठेतरी सरकलेले असते, आणि ते 'कुठेतरी' तुमचा गट असू शकतो. तसे झाले असेल तर नगरविकास विभागाच्या सचिवांना आणि संचालक, नगररचना यांना कागदांसह लेखी निवेदन पाठवा. समितीने तुमच्या हरकतीवर काय शेरा मारला, हे माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येते.

कलम ३१ खाली मंजुरी देताना शासन स्वतःही बदल करू शकते. बदल मोठ्या स्वरूपाचे असतील, तर तेवढा भाग मंजुरीतून वगळून त्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात आणि नेमलेला अधिकारी सुनावणी घेतो. 'ई.पी.' म्हणतात तो हाच वगळलेला भाग. प्रारूपात सुखरूप राहिलेल्या जमिनीसाठीही ही सूचना पाहायलाच हवी. पुण्याचा तो आराखडा २०१५ मध्ये शासनाने महापालिकेकडून काढून घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. मधल्या काळात समितीच्या पातळीवर झालेले बरेच बदल पुन्हा बदलले.

दरम्यान बांधकाम परवानगी मागितली, तर कलम ४६ नुसार प्रारूपातला प्रस्तावही विचारात घेतला जातो. त्यामुळे जुन्या झोन दाखल्यावर जमिनीचा व्यवहार करू नका. मंजूर योजनेत नंतर फेरबदल करायचा झाल्यास कलम ३७ खाली वेगळी सूचना निघते आणि तिथे हरकतीला एकच महिना मिळतो.

आरक्षण कायम राहिले तर

दोन वाटा राहतात. पहिली: राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीच्या अकराव्या प्रकरणात समावेशक आरक्षणाची तरतूद आहे. ठरलेला भाग विकसित करून प्राधिकरणाला द्यायचा आणि उरलेला स्वतः वापरायचा. प्रयोजनानुसार प्रमाण बदलते, म्हणून आपल्या आरक्षणासमोरची ओळ वाचूनच गणित मांडा. ही नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे, पण मुंबईला नाही. तिथे स्वतंत्र नियमावली आहे.

दुसरी वाट कलम १२७ ची. अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली गेली नाही आणि संपादनाची कारवाईही सुरू झाली नाही, तर मालक प्राधिकरणाला खरेदी सूचना, म्हणजे 'जमीन घ्या' अशी लेखी सूचना, देऊ शकतो. सूचना मिळाल्यापासून २४ महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत झाल्याचे, म्हणजे आपोआप संपल्याचे, मानले जाते. २०१५ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत १२ महिन्यांची होती. जुने नमुने वापरणारे अजून तीच लिहितात. सूचनेसोबत मालकीचे पुरावे जोडणे कायद्यातच आहे, ते नसतील तर सूचनाच अपुरी ठरते. दहा वर्षे पूर्ण होण्याआधी दिलेली सूचनाही फुकट जाते. ती पोहोच घेऊन द्या, पोहोच सांभाळा, आणि २४ महिने संपल्यावर व्यपगत झाल्याची अधिसूचना राजपत्रात काढण्यासाठी नगरविकास विभागाकडे अर्ज करा. ती निघेपर्यंत नकाशावर हिरवा किंवा लाल ठिपका तसाच दिसत राहतो आणि परवानगीच्या टेबलावर तोच पाहिला जातो.